जागेवरची दुरुस्ती

भिंतीवर प्रोजेक्टरचा फिकट निळा चौकोन पडला होता आणि त्यात नव्या सर्व्हरचा लॉग, त्याच्या हालचालींची नोंद, एकेका ओळीने वर सरकत होता. ओळी यायच्या, थांबायच्या, पुन्हा यायच्या. कूलरमधलं पाणी संपलं होतं. नुसता पंखा वाळलेल्या गवताचा वास ढवळत होता. चंद्रभान त्या चौकोनाकडे पाहत राहिला. प्रश्न त्याच्या जुन्या विद्यार्थिनीने, वर्षालीने, विचारला होता, आणि तो अगदी साधा होता: "सर, धारणीसाठी केलेल्या दुरुस्त्या मूळ प्रतीत का नाहीत?" तिचा आवाज चढलेला नव्हता. उलट, 'सर' हा शब्द तिने जुन्या सवयीने, जरा जपूनच उच्चारला होता, आणि त्या जपण्यानेच तो अधिक आतवर गेला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कंपनीचा मालक मनोज पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होता आणि काढत होता. "बोला ना चंद्रभानभाऊ," तो म्हणाला. "तुमी असे गप बसले तर मी संस्थेले काय सांगू? मौनव्रत आहे म्हणून सांगू?"

संस्था अकोल्याची. तिची महाविद्यालयं अकोल्यापासून थेट मेळघाटात धारणीपर्यंत पसरलेली, आणि त्या सगळ्यांच्या प्रवेशाचं वेब ॲप्लिकेशन अमरावतीच्या ह्या दोन खोल्यांच्या कंपनीने नऊ वर्षांपूर्वी जावा ह्या संगणकभाषेत लिहिलेलं. लिहिणारे पुण्याला गेले, हैदराबादला गेले. सांभाळायला चंद्रभान एकटा उरला. ते ज्या मशीनवर चालायचं ती अकोल्यात, जठारपेठेतल्या संस्थेच्या कार्यालयात एका बंद खोलीत होती. वर्षालीने मूळ प्रत आताच्या नियमांना लावून पुन्हा चालती केली आणि सोमवारी तिथे जाऊन सगळं नव्या सर्व्हरवर हलवलं. अकोला, अंजनगाव, अमरावती, सगळीकडे नवं ॲप्लिकेशन पाण्यासारखं वाहत होतं. फक्त धारणी अडली होती. थोड्याच वेळापूर्वी तिथल्या केंद्राचा कुंदन फोनवर होता, आणि मनोजने फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला होता.

"तिसऱ्या पानावर गेलं का पुन्हा लॉगिन मागते, साहेब. मंग पहिल्यापासून भरा म्हणते. पोट्टे जीपनं आले, जीपवाला बाहेर हार्न वाजवून राहिला. सकाळपासून एकाचाही फार्म गेला नाई. उद्या तं शेवटची तारीख आहे."

"आधी असं होत नव्हतं?" वर्षालीने विचारलं होतं.

"आधी? आधी लाइन गेली तरी तो थांबायचा ना, ताई. वाट पाहायचा."

तो. कुंदन सर्व्हरला 'तो' म्हणत होता, आणि टेबलाभोवती कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. चंद्रभानला मात्र आपलंच नाव कुणीतरी भलत्या ठिकाणी घेतल्यासारखं झालं. कारण थांबणारा सर्व्हर नव्हता. सर्व्हरचा स्वभाव विसरण्याचा. माणूस येतो, नाव सांगतो, सर्व्हर त्याच्यासाठी स्मृतीत एक लहानशी जागा करतो, तिला सेशन म्हणतात. माणूस अर्धा तास गप्प राहिला की ती जागा पुसली जाते. अकोल्यात अर्धा तास पुष्कळ झाला. धारणीत एका पानावरून दुसऱ्या पानावर जायलाच लाइन वीस-वीस मिनिटं घेते, मध्येच वीज जाते, आणि परत येते तेव्हा सर्व्हर ओळख विसरून बसलेला असतो. ते विसरणं चंद्रभानने थांबवलं होतं. मुदत वाढवली होती. अर्धवट भरलेलं पान कुणाला न कळता बाजूला साठवून ठेवण्याची सोय केली होती. ज्यांना आडनाव नाही अशा मुलांना आडनावाच्या रकान्यात अडकू दिलं नव्हतं. हे सगळं होतं, चालत होतं, हजारो मुलं त्यातून पार झाली होती, आणि आता ते कुठेच नव्हतं.

"मूळ प्रतीतून बांधता येत नव्हतं," तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच पेंगुळलेला वाटला. "मी जागेवर करत गेलो."

"जागेवर म्हणजे?" मनोजने विचारलं.

"म्हणजे चालत्या सर्व्हरवर," वर्षाली म्हणाली, आणि तिने लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं.

जागेवर. ह्या शब्दात किती दिवस गेले होते. रीत त्याला ठाऊक होती, त्याच्याइतकी ती ह्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हती: मूळ प्रत एका ठिकाणी जपायची, दुरुस्ती तिच्यातच करायची, मग जावाची साधनं तिचं गाठोडं बांधतात, ते गाठोडं सर्व्हरवर ठेवायचं, सर्व्हर ते सोडतो आणि पानं चालू होतात. पण दुसऱ्याच वर्षी गाठोडं बांधणं बंद पडलं. कुठलातरी जुना तुकडा ज्या पत्त्यावरून यायचा तो पत्ताच इंटरनेटवरून नाहीसा झाला. साधन लाल अक्षरांत तक्रार करायचं आणि एका तक्रारीपोटी दुसऱ्या शंभर तक्रारी निघायच्या. त्याने मनोजला सांगितलं होतं, महिनाभर द्या, सगळं नीट लावतो. महिना कुणी दिला नाही. आणि अकोल्याहून फोन यायचे ते असे, की भाऊ, आता समोर पालक बसून आहेत, आताच्या आता करून द्या. मग तो अमरावतीतून त्या मशीनमध्ये शिरायचा, सर्व्हरने सोडून ठेवलेल्या गाठोड्यातलं ते पान तिथल्या तिथे उघडायचा आणि दुरुस्त करायचा. पान पुन्हा मागितलं की सर्व्हर नवं द्यायचा. पालक उठून जायचे. पहिल्यांदा हे केलं तेव्हा त्याला चोरी केल्यासारखं वाटलं होतं. मग त्यात हात बसला. मग, काही वर्षांनी, मूळ प्रत ही एखाद्या मुक्या नातेवाईकासारखी झाली, ज्याच्याकडे जायला हवं हे माहीत असतं आणि दर दिवशी जाणं अधिकच अवघड होत जातं.

"जुनी मशीन आहे ना अजून?" त्याने विचारलं.

वर्षालीने त्याच्याकडे पाहिलं नाही. "मशीन अकोल्यालाच आहे."

"मग दोघंही जा," मनोज उठत म्हणाला. "नव्या सर्व्हरवर काई बदलवाचं तं ते संस्थेच्या जाळ्यातूनच होते, इथून नुसता लॉग दिसते. जुन्या मशीनवर असन ते काढा, नसन तं नवं लिहा, मले त्याच्याशी करायचं नाई. संध्याकाळपर्यंत धारणीचं चालू पायजे. पोट्ट्यांचं वर्ष गेलं तं संस्था आपल्याले दारात उभं करणार नाई."

बसमध्ये दोघांना एकाच बाकावर जागा मिळाली, आणि ही गोष्ट दोघांनाही गैरसोयीची वाटली. बडनेऱ्याचा पूल मागे पडला. खिडकीबाहेर कपाशी दोन-दोन पानांवर आली होती, काळ्या जमिनीवर हिरव्या टाक्यांची शिवण घातल्यासारखी, आणि आभाळ भरून येऊनही पडत नव्हतं. चंद्रभानला वाटलं, आपण आत्ता ह्या मुलीला काहीतरी बोलायला हवं, काहीही, तिच्या आईची चौकशी, अंजनगावच्या पानमळ्याची. पण प्रत्येक वाक्य तोंडाशी येईपर्यंत त्याची मुदत संपत होती. तिला त्याने शिकवलं होतं. अमरावतीच्या कॅम्प भागातल्या एका क्लासमध्ये, पत्र्याखाली, उन्हाळ्याच्या सुट्टीत. ती अंजनगाव सुर्जीहून पहाटेच्या बसने यायची, बोटांच्या टोकांना विड्याच्या पानांचा हिरवा वास घेऊन, आणि पहिल्या बाकावर बसून प्रश्न विचारायची ते असे, की बाकीची मुलं हसायची. सर, सर्व्हरले कसं समजते का हा तोच माणूस आहे? त्याला तो प्रश्न इतका आवडला होता की त्या दिवशी त्याने ठरलेला धडा सोडून तासभर नुसतं ओळखीबद्दल सांगितलं होतं: ओळख म्हणजे काय, ती किती वेळ टिकते, दोघांपैकी एकाने धागा सोडला की दुसऱ्याच्या हातात काय उरतं. त्या काळी तो असं बोलू शकायचा. महाविद्यालयात असताना कविता वाचण्याचं जे वेड होतं ते पोटापाण्याच्या वाटेवर कुठे सांडलं हे त्याला कळलं नाही. पण त्या पत्र्याखाली, फळ्यावर चौकोन आणि बाण काढताना, त्यातलं काहीतरी आवाजात परत यायचं, आणि पहिल्या बाकावरच्या त्या मुलीला ते ऐकू येतं अशी त्याची खात्री होती.

मग ती पुण्याला गेली, सहा वर्षं राहिली, आणि परत आली ती मनोजने त्याच्या वर नेमलेली म्हणून. तिच्या बोलण्यातला वऱ्हाडी 'ले' गेला होता.

"सर," मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा ती म्हणाली, "एक विचारू? राग मानू नका."

"विचार."

"मला पुण्यात एकदा असंच एक काम मिळालं होतं. एक माणूस बारा वर्षं लाइव्ह सर्व्हरवरच हात घालत होता. तो गेला. तर कुणालाच कळेना की काय चालतंय आणि का चालतंय. सहा महिने मी दुसऱ्याच्या डोक्यात राहिले, सर. रात्री स्वप्नं त्याची पडायची मला. तेव्हाच ठरवलं, जे मूळ प्रतीत नाही ते नाही." ती थांबली. "आणि हे तुम्हीच शिकवलं होतं."

"हो," तो म्हणाला.

शिकवलं होतंच. फळ्यावर दोनदा अधोरेखित करून शिकवलं होतं: चालत्या सर्व्हरला हात लावायचा नाही. शिकवताना माणूस ज्या स्वच्छ हवेत उभा असतो ती हवा किती विरळ असते, हे त्याने शिकवलं नव्हतं. एक शेंगदाणेवाला चढला, उतरला. चंद्रभानच्या मनात एक हट्टी, दुखरी जागा होती आणि बस तिच्यावरूनच चालली आहे असं त्याला वाटत राहिलं. दुरुस्त्या परत लिहिता येतील. आठवत होत्या बहुतेक. पण त्या पानांत दुरुस्त्यांखेरीजही काही होतं. कोडमध्ये टीप लिहायची जागा असते. सर्व्हर ती वाचत नाही, वापरणाऱ्याला ती दिसत नाही, ती फक्त नंतर येणाऱ्या कोड लिहिणाऱ्यासाठी असते. सुरुवातीला तो तिथे कोरडं काहीतरी लिहायचा, तारीख आणि कारण. मग वर्षं जात गेली, घरात बोलणं कमी झालं, मित्र फोनमधल्या नावांपुरते उरले, आणि टिपा लांबू लागल्या. इथे मुदत जास्त ठेवली आहे. धारणीची लाइन दमलेल्या म्हातारीसारखी बसत-उठत येते, तिला घाई करू नये. हा रकाना सक्तीचा करू नका; ज्याला आडनाव नाही तोही घरचाच कुणीतरी असतो. हे असं का आहे ते मलाही आता सांगता येणार नाही, पण काढून पाहिलं तर तीन महाविद्यालयं बंद पडतात. एका पानाच्या तळाशी, मंत्रालयाने एकाच उन्हाळ्यात चारदा नियम बदलले तेव्हा, त्याने जे लिहिलं होतं ते कुणापुढे वाचण्यासारखं नव्हतं. आई गेली त्या आठवड्यात एक ओळ नुसतीच तिच्याबद्दल होती, फीच्या पानात, कशाशीही संबंध नसलेली. नंतर येणारा कोण असेल, हे त्याने कधी ठरवलं नव्हतं. पण लिहिताना समोर कुणीतरी असायचं. पहिल्या बाकावर.

जठारपेठेत उतरून दोघं चालत गेली. कापडाच्या दुकानांपुढे माणसं खुर्च्या टाकून बसली होती, रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. संस्थेच्या कार्यालयात शिपाई नत्थुजींनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्या बंद खोलीचं कुलूप उघडलं. आत तोच वास होता, गरम धुळीचा. चंद्रभान ह्या खोलीत वर्षातून फार तर एकदा यायचा, पण अमरावतीतून तो रोज इथे राहत होता. टेबलाचा मोडका कोपरा पाहून त्याला इतकं ओळखीचं वाटलं की त्याने त्यावर हात ठेवला. मशीन सुरू झाली. पडदा उजळला. ज्या कप्प्यात सर्व्हर होता तो कप्पा त्याने उघडला आणि तो रिकामा होता. त्याने वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला. रिकामेपणाला तिथे काही आकारही नव्हता. जणू काही कधी ठेवलंच नव्हतं.

"मी पुसलं, सर. सोमवारी," वर्षाली दारातून म्हणाली. "मुलांची माहिती तपासून नेली, मग मशीन साफ केली. संस्थेच्या करारात तसं लिहिलंय." आणि जरा वेळाने, "सकाळी मनोजसरांसमोर म्हणाले नाही."

त्याने तो कप्पा मिटला. तिने स्टूल ओढलं, लॅपटॉप मांडीवर घेतला, नव्या सर्व्हरच्या मांडणीची फाइल उघडली. मूळ प्रतीत मुदतीची ओळ तिने बदलली, अर्ध्या तासाचे दोन तास केले. त्याला विचारून अर्धवट पान साठवण्याचा भाग लिहिला, तो उभ्याउभ्या सांगत गेला आणि ती त्याचं वाक्य संपण्याआधीच टंकत गेली. तिने गाठोडं बांधलं आणि एकही लाल अक्षर न दिसता ते बांधलं गेलं. नव्या सर्व्हरवर ते चढलं. लॉगमध्ये ओळी सरसर उतरल्या. तिला हे करायला एक चहा निवण्याइतका वेळ लागला असेल. चंद्रभानला आपला सबंध संताप कुठल्यातरी एका जागी ठेवायचा होता आणि जागाच सापडत नव्हती, कारण ती जे करत होती ते बरोबर होतं, नेटकं होतं, त्याला जन्मभर जसं करायचं होतं तसंच होतं.

चंद्रभानने फोन लावला. "पहा बरं कुंदन," तो म्हणाला.

पलीकडे गलका होता. मग कुंदनचा आवाज आला, "थांबा. तिसरं पान. लाइन गेली. आली." बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. "गेला, साहेब. फार्म गेला पोरीचा. हाव, नंबर आला." त्याने मागे वळून कुणालातरी सांगितलं, "जीपवाल्याले म्हणा बूड टेकव जरा." आणि फोन ठेवला.

"झालं," वर्षाली म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर थकवा होता. "आडनावाचं उद्या सकाळीच येऊन करते. बाकीचं जसजशा तक्रारी येतील तसतसं." ती लॅपटॉप पिशवीत घालू लागली.

जसजशा तक्रारी येतील तसतसं. म्हणजे नऊ वर्षं पुन्हा एकदा, दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने, पण ह्या वेळी नीट. तो खुर्चीत जाऊन बसला. नत्थुजी तीन कप घेऊन आले आणि एक कप त्यांनी वर्षालीसमोर ठेवला.

"घ्या ताई, गरम आहे तवर घ्या. सोमवारचा तं तुमी पिलाच नाई." मग चंद्रभानकडे वळून, "दुपारभर इथंच बसून होत्या, भाऊ. त्या खुर्चीवरच. मी म्हटलं बाई, पंखा तरी वाढवा, तं ऐकूच गेलं नाई ताईले."

"कॉपी होत होती, नत्थुजी," वर्षाली म्हणाली. "लक्ष ठेवावं लागतं."

"असन बाप्पा. मले काय समजते त्यातलं. मी आपला दारातून पाहून राहिलो. एकदा हासल्या बी एकट्याच. मले वाटलं मोबाइलवर काई आलं असन." नत्थुजी स्वतःशीच हसले आणि आपला कप घेऊन बाहेर गेले.

खोलीत दोघंच उरली. चंद्रभानने तिच्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच सरळ पाहिलं. मुलांची माहिती एका जागी असते आणि पानं दुसऱ्या जागी, माहिती नेणाऱ्याला पानं उघडण्याचं काही कारण नसतं, हे त्याला ठाऊक होतं. आणि कॉपी होत असताना पडद्यावर एक हिरवी पट्टी नुसती पुढे सरकत असते, तिच्यात हसण्यासारखं काही नसतं, हेही. मंत्रालयाची ती टीप असेल? की म्हातारीची? फोनवर कुणीतरी काही पाठवलंही असेल, तिच्या वयाच्या माणसांना दिवसभर काहीतरी येतच असतं. आणि वाचलं असेल, सगळं, शेवटपर्यंत, फीच्या पानातली ती ओळसुद्धा, तर मग ते वाचून झाल्यावर तिचं बोट पुसण्याच्या कळीवर कसं गेलं? ते सोपं होतं की अवघड? ह्या दोन्ही शक्यतांपैकी कुठली आपल्याला हवी आहे हे त्याला कळेना. एवढंच कळत होतं की ह्यापुढे ह्या मुलीखेरीज जगात दुसरं कुणी नाही ज्याला हे विचारता येईल, आणि ह्या खोलीतून आपण बाहेर पडलो की विचारण्याची वेळही गेली.

"वर्षाली."

ती पिशवीची साखळी लावत होती. हात थांबला.

"मी रागावलो नाही," तो म्हणाला, आणि ते खोटं होतं हे दोघांनाही कळलं. पुढचं बोलताना त्याच्या तोंडून शाळेतलं, घरचं बोलणं आपोआप बाहेर पडलं, जे त्याने तिच्याशी पत्र्याखालीही कधी वापरलं नव्हतं. "मले फक्त एवढं सांग. ते पानं मिटवायच्या आधी, तू वाचले काय?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी वर आलं, ओठ किंचित उघडले, आणि त्या क्षणी तिचं वय कमी झाल्यासारखं दिसलं. मग तिने नजर खाली घेतली, पिशवी खांद्याला लावली, नत्थुजींनी ठेवलेला कप दोन्ही हातांनी उचलून तो सोमवारसारखाच, न पिता, काठोकाठ भरलेला मशीनपासून लांब, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आणि ती दाराबाहेर गेली. व्हरांड्यात तिच्या चपलांचा आवाज काही वेळ ऐकू येत होता. जिन्यापाशी तो थांबला, इतका वेळ थांबला की चंद्रभान खुर्चीतून अर्धा उठला, आणि मग तो आवाज जिना उतरून खाली रस्त्याला लागला.